वधूचे व्याकरण : ख्रिस्ती परंपरेतील एका रूपकाचा प्रवास

ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा भाविक म्हणजे ख्रिस्ताची प्रिय वधू, या रूपकाकडे मराठी अभ्यासक वळतो तेव्हा त्याच्या हाताशी ‘मधुराभक्ती’ ही संज्ञा तयार असते. देव पुरुष, भक्त स्त्री, आणि दोहोंमध्ये विरह व मीलन एवढे साम्य दिसले की ओरिजेन, बर्नार्ड, तेरेसा ही मंडळी आंडाळ आणि मीरेच्या पंगतीला बसवली जातात. तुलना अगदीच निराधार नाही. परंतु तिच्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : ही वधू नेमकी कोण? ती कधी राष्ट्र असते, कधी नगरी, कधी उपासकांचा समुदाय, कधी एकट्या माणसाचा आत्मा, कधी बुरखा घेतलेली व्रतस्थ स्त्री, तर कधी मठात राहणारा एखादा माजी योद्धा. या प्रत्येक वेळी रूपकाच्या तोंडी ‘मी’ म्हणणारा बदलतो, आणि त्या ‘मी’चे लिंगही बदलते. या रूपकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या बदलत्या ‘मी’चा इतिहास आहे.

रूपकाची सुरुवात प्रेमगीतात झालेली नाही. ती झाली कराराच्या भाषेत. इ. स. पू. आठव्या शतकात उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात होशेय या संदेष्ट्याने देव आणि त्याची प्रजा यांचे नाते पतिपत्नीच्या नात्यात मांडले. हिब्रू भाषेत देश व नगर यांचा निर्देश स्त्रीलिंगी होतो. त्यामुळे भूमी आणि प्रजा यांना पत्नी म्हणण्यात भाषेची आडकाठी नव्हती. पण ही पत्नी प्रथमपासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. इतर दैवतांची पूजा म्हणजे व्यभिचार, असे समीकरण होशेय मांडतो; यिर्मया आणि यहेज्केल ते पुढे नेतात. यहेज्केलाच्या सोळाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत पतीचा संताप ज्या थराला जातो तो वाचून आजचा वाचक अस्वस्थ होतो, आणि ते योग्यच आहे. रेनिटा वीम्स यांनी १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात या हिंसेचा प्रश्न सरळ हाती घेतला : मारणारा आणि मग समजूत काढणारा पती हे दैवी प्रेमाचे चित्र म्हणून स्वीकारताना स्त्री-वाचकाने काय करायचे? त्याला जोडून आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात पत्नीचे शब्द येतात, पण ते पतीच्या तोंडून. ती काय म्हणाली हे तोच सांगतो, आणि तोच तिला दोषी ठरवतो.

‘गीतरत्न’ या ग्रंथात सारे उलटे आहे. तिथे स्त्री बोलते; प्रारंभ तिच्या शब्दांनी होतो आणि शेवटही. पुरुषाच्या वाट्याला तिच्यापेक्षा कमी ओळी आल्या आहेत. कराराचा, नियमशास्त्राचा, मंदिराचा उल्लेख नाही. देवाचे नावही जवळजवळ नाहीच. असा ग्रंथ पवित्र लेखनात कसा, या वादात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात रब्बी अकिवा याने या ग्रंथाला परमपवित्र ठरवणारा निर्वाळा दिल्याची नोंद मिश्नात आहे. त्यामागे इस्राएल हीच प्रेयसी असे वाचन उभे होते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने इथे फार मोठी घटना घडली. संदेष्ट्यांच्या मुक्या पत्नीला गीतरत्नातील स्त्रीचा आवाज मिळाला. जिच्यावर खटला चालला होता ती आता स्वतःच्या तोंडाने प्रियकराला शोधू लागली. पुढच्या दीड हजार वर्षांची ख्रिस्ती गूढवादी कविता या जोडणीतून निघाली आहे.

नव्या करारात मात्र हा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. शुभवर्तमानांत वर आहे. त्याच्या मित्रांनी उपास करावा की नाही याची चर्चा आहे. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. दहा कुमारींच्या दृष्टान्तात मध्यरात्री वर येतो, दिवे आहेत, तेल आहे, बंद झालेले दार आहे. नाही ती वधू. ही अनुपस्थिती प्राचीन नकलकारांनाही खटकली असावी, कारण काही हस्तलिखितांत वराच्या जोडीला वधूही घातलेली आढळते. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा तो वधूपित्याच्या भूमिकेत आहे : त्याने या मंडळीची एका पतीशी सोयरीक केली आहे. इफिसकरांस पत्रात पतीने पत्नीवर प्रेम कसे करावे याचा नमुना म्हणून ख्रिस्त व मंडळी यांचे नाते येते. त्याच परिच्छेदात पत्नीने अधीन राहण्याचा उपदेश असल्यामुळे रूपक आणि गृहस्थधर्म यांची गाठ तिथे कायमची बसली. प्रकटीकरणात शेवटी वधू दिसते, तर ती आहे एक नगरी, आकाशातून उतरणारे नवे यरुशलेम. एकूण पहिल्या शतकात वधू हे सामूहिक नाम आहे. मराठीत या समुदायासाठी रूढ झालेला ‘मंडळी’ हा शब्द इथे गमतीने साथ देतो. जुन्या शिष्ट बोलीत नवरा आपल्या बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करीत असे.

वधू एकवचनी झाली ती ओरिजेनच्या हातून. तिसऱ्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात त्याने गीतरत्नावर दहा खंडांचे भाष्य लिहिले. मूळ ग्रीक बहुतांशी नष्ट झाले. रुफिनसच्या लॅटिन अनुवादातून प्रस्तावना आणि पहिले तीन खंड उरले, आणि दोन प्रवचने जेरोमने लॅटिनमध्ये आणली. इतर ग्रंथांवर लिहिताना ओरिजेनने सर्वांना मागे टाकले आणि या ग्रंथावर लिहिताना स्वतःलाच, असा जेरोमचा अभिप्राय आहे. ओरिजेनला हे विवाहगीत नाटकासारखे दिसते. पात्रे एकामागून एक येऊन बोलतात. आणि वधू म्हणजे मंडळी अथवा आत्मा, असे दोन अर्थ तो एकाच वेळी चालू ठेवतो. ग्रीक ‘प्सीखे’, लॅटिन ‘आनिमा’ हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. रूपकाने समुदायातून व्यक्तीकडे उडी मारली तेव्हा व्याकरणाने त्याला धरून ठेवले. ज्याचे विकार अजून शमलेले नाहीत अशाने हा ग्रंथ वाचू नये, हा इशाराही ओरिजेनच्या प्रस्तावनेतच आहे. यहुदी परंपरेतही तो परिपक्व वयासाठी राखून ठेवत, असे तो सांगतो. ग्रंथ कामुक नाही असे म्हणणाऱ्यानेच त्याच्या धगीची इतकी स्पष्ट कबुली द्यावी, हे मोठे बोलके आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या शतकांत वधू हा शब्द कुमारीव्रत घेतलेल्या स्त्रियांसाठी जवळजवळ शब्दशः वापरला जाऊ लागला. टर्टुलियनने अशा स्त्रियांनी विवाहितेप्रमाणे मस्तक झाकावे असे म्हटले. अँब्रोझने ३७७ साली त्यांच्यासाठी ग्रंथ रचला. जेरोमने ३८४ साली युस्टोखियम या तरुणीस लिहिलेल्या दीर्घ पत्रात तिच्या आईला देवाची सासू होण्याचा मान देऊन टाकला. रुफिनसला ही थट्टा असह्य झाली. जेरोमची चूक एवढीच की त्याने रूपक शेवटपर्यंत ओढले.

बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने (१०९०–११५३) या रूपकाला जे रूप दिले ते आजही अभ्यासकांना थांबवते. ११३५ मध्ये त्याने गीतरत्नावर प्रवचने लिहावयास घेतली. अठरा वर्षांनी तो वारला तेव्हा शहाऐंशी प्रवचने झाली होती आणि तो तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपाशी पोहोचला होता. पहिल्या ओळीतील चुंबनावरच त्याने सुरुवातीची प्रवचने खर्ची घातली आहेत. ही प्रवचने जशीच्या तशी मठात सांगितली गेली की ती मुळातच वाङ्मयीन रचना आहे, याबद्दल मतभेद आहेत. झां लक्लेर्क यांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तथापि श्रोतृवर्ग कोण होता याविषयी शंका नाही. सिस्टर्शियन पंथाने मठाला मुले वाहण्याची जुनी चाल सोडली होती. त्यामुळे इथे येणारा मनुष्य वयात आलेला, जग पाहिलेला, प्रेमगीते ऐकलेला, पुष्कळदा हाती शस्त्र धरलेला असे. लक्लेर्क यांनी १९७९ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे बर्नार्डने ही अनुभवाची सामग्री फेकून न देता तिला वळण दिले. अशा पुरुषांना तो सांगतो की बोलणारी ती वधू आहे आणि ती तुम्ही आहात.

हे सांगताना त्याने घेतलेली सावधगिरी महत्त्वाची आहे. बाराव्या प्रवचनात तो म्हणतो की आपल्यापैकी कोणीही स्वतःच्या आत्म्याला प्रभूची वधू म्हणण्याचे धाडस करणार नाही. पण ज्या मंडळीला हे नाव शोभते तिचे आपण घटक आहोत, म्हणून त्या नावात आपलाही वाटा आहे. ओरिजेनने सोडलेला समुदायाचा धागा बर्नार्ड इथे पुन्हा हातात घेतो, असे नव्हे. ओरिजेननेही तो सोडला नव्हता. फरक स्वरात आहे. बर्नार्डच्या प्रवचनांत अनुभव हाच ग्रंथ होतो, आणि सव्विसाव्या प्रवचनात तर भाष्य मध्येच तुटते. त्याचा भाऊ जेरार्ड, एके काळचा शिपाई आणि नंतर त्याच मठातील सहकारी, ११३८ मध्ये वारला. बर्नार्ड ओळीचा अर्थ सांगता सांगता थांबतो आणि भावासाठी आक्रोश करतो. वधूच्या भाषेने पुरुषांच्या मठात शोक करण्याची, हळवे होण्याची, ओढ बोलून दाखवण्याची जी मुभा निर्माण केली तिचा हा पुरावा मानता येईल. कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९८२ साली याच काळातील सिस्टर्शियन लेखनात ख्रिस्ताला व मठाधिपतीला माता म्हणण्याची प्रथा उलगडून दाखवली. त्यांचे प्रतिपादन लक्षात घेतले तर वधूचे रूपक एकटे नव्हते. ते लिंगबदलाच्या एका मोठ्या व्यवहाराचा भाग होते. एवढे मात्र खरे की पुरुषाने वधू होणे हा नम्रतेचा गुण ठरला, आणि त्यामुळे प्रत्यक्ष स्त्रियांना मठाच्या व्यासपीठावर जागा मिळाली असे झाले नाही.

स्त्रियांनी आपली जागा देशभाषांत शोधली. तेराव्या शतकात मॅग्डेबर्गच्या मेख्टिल्डने जर्मनच्या उत्तरी बोलीत आत्म्याचा वराशी संवाद लिहिला. तिची समकालीन म्हणता येईल अशी हाडेविख डच भाषेत लिहीत होती, आणि तिने सारा पट फिरवला. प्रेमाला ‘मिन्ने’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. तेव्हा प्रेम ही राणी झाली आणि कवयित्री तिच्या मागे वणवण करणारा सरदार. मठातील पुरुष स्त्री होत असताना मठाबाहेरची ही स्त्री पुरुष होत होती. दोघांनाही आपल्या आवाजाबाहेर जाऊनच बोलता आले.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये हा व्यवहार धोक्याचा झाला. सालामांका विद्यापीठातील प्राध्यापक फ्राय लुईस दे लेऑन याने एका व्रतस्थ स्त्रीच्या वाचनासाठी गीतरत्नाचा स्पॅनिश अनुवाद व विवरण केले. १५७२ ते १५७६ अशी पावणेपाच वर्षे तो धर्मन्यायालयाच्या कैदेत होता, आणि त्याच्यावरील आरोपांत हा अनुवाद होता. त्याचे पुस्तक छापले गेले ते १७९८ मध्ये. आव्हिलाच्या तेरेसाने (१५१५–१५८२) याच ग्रंथातील काही ओळींवर चिंतन लिहिले; एका स्त्रीने असे लिहावे हे अनुचित म्हणून तिला ते जाळण्यास सांगण्यात आले. तिने जाळले, नकला मात्र मागे राहिल्या होत्या आणि १६११ मध्ये ब्रुसेल्सला त्या छापल्या गेल्या. क्रूसभक्त योहान (१५४२–१५९१) याला त्याच्याच संघातील विरोधकांनी डिसेंबर १५७७ मध्ये पकडून तोलेदोच्या कोठडीत डांबले. ऑगस्ट १५७८ मध्ये तो निसटला तेव्हा त्याच्या प्रदीर्घ वधूकाव्याचा मोठा भाग रचून झाला होता. त्याच्या मृत्यूनंतर १६१८ साली निघालेल्या पहिल्या संग्रहात ते काव्य घेण्याचे मात्र संपादकांनी टाळले.

योहानाच्या कवितेत भाषा काय करते ते पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. पण धातुसाधित विशेषण सांगते. रात्री कोणाच्या नकळत घराबाहेर पडणारी व्यक्ती स्त्री आहे हे त्याच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कवितेत केवळ एका प्रत्ययावरून कळते. आत्मा हा शब्द मध्ये न आणता, ‘जणू’ न म्हणता, तो सरळ स्त्रीलिंगी बोलतो. आत्म्याचे रूपक प्रत्ययात विरघळून गेले आहे. रूपकाचा इतका काटकसरी वापर या परंपरेत इतरत्र क्वचितच आढळतो. उत्तरेकडे ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील निबंधात हेच लग्न वापरले. पण त्याचा भर हिशेबावर होता, म्हणजे वराची संपत्ती वधूची होते आणि वधूचे कर्ज वराचे.

हे रूपक मराठीत आले ते धर्मांतराबरोबर. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणात बायबलची कथा ओवीत उतरली. पुराणिकाचा आवाज हा निवेदकाचा आवाज असल्याने वधूच्या आत्मकथनाला तिथे फारसा वाव नव्हता. एकोणिसाव्या शतकात बायबलचे अनुवाद आणि सामुदायिक उपासनेची गीते आली, आणि तेव्हा व्याकरणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. हिंदीत आत्मा स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो पुल्लिंगी. जीव पुल्लिंगी, प्राण पुल्लिंगी. मंडळी आणि ख्रिस्तसभा स्त्रीलिंगी. म्हणजे पहिल्या शतकातील सामूहिक वधू मराठीत सहज उतरते, पण ओरिजेनची एकवचनी वधू अडखळते. शिवाय मराठीचे प्रथमपुरुषी क्रियापद वर्तमानात आणि भूतकाळात लिंग उघड करते. ‘जाते’ म्हणायचे की ‘जातो’, ‘गेले’ म्हणायचे की ‘गेलो’, हे कवीला प्रत्येक चरणात ठरवावे लागते. फक्त भविष्यकाळात, ‘येईन’ आणि ‘पाहीन’मध्ये, त्याला सवलत आहे. ज्या वधूचे लग्न अजून व्हायचे आहे तिच्या प्रतीक्षेला ही सवलत सोयीची होती, हेही खरे.

व्याकरणाची ही अडचण मराठी संतांनी ओलांडली होती. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिणी, एकनाथांच्या गौळणी, तुकोबांच्या विराण्या या रचनांत पुरुष कवी बेधडक स्त्रीलिंगी क्रियापद वापरतात. मग ख्रिस्ती कवीपुढे वाट तयारच होती, असे वाटेल. पण ‘मधुराभक्ती’ या संज्ञेने झाकला जाणारा भेद इथेच आहे. तुकोबांच्या विराण्यांतील स्त्री घरचा भ्रतार सोडून परपुरुषाकडे निघाली आहे. लोकलाज मोडणे हीच तिच्या प्रेमाची कसोटी. होशेयापासून चालत आलेल्या रूपकात घर सोडणे म्हणजे पाप. तिथली वधू विधियुक्त, वाग्दत्त, एकाचीच. एका परंपरेत जे भक्तीचे शिखर, ते दुसरीत मूर्तिपूजेचे नाव. विराणीचा आवाज घेऊन ख्रिस्ताची वधू बोलू लागली तर ती कोणत्या परंपरेत बोलते आहे?

आणि प्रत्यक्ष विवाहाचे काय? धर्मांतरामुळे विवाह मोडत होते. जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून त्याग केल्यास ख्रिस्ती झालेल्याला विवाहविच्छेद मागता यावा म्हणून १८६६ साली सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. मधल्या वर्षांचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि नवऱ्याच्या नव्या श्रद्धेची किंमत पत्नीने कशी मोजली हे इतक्या निर्मळपणे मराठीत दुसरीकडे सांगितलेले नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. त्या सेतूवरून त्यांनी विराणी आणली नाही. आणली ती माउली. त्यांच्या भजनांत प्रेमाची भाषा विपुल आहे, तथापि वाचकाच्या मनावर ठसतो तो ख्रिस्त ‘मातृगुरु’ म्हणून. विठाईची परंपरा पाठीशी असताना हे स्वाभाविक होते, असे स्पष्टीकरण देता येते आणि ते पुरेसेही वाटते. पण आईपुढे मूल होणाऱ्याला घरची पत्नी आणि स्वर्गीय वर यांची सांगड घालावी लागत नाही, ही गोष्टही नजरेआड करता येणार नाही. बायनम यांच्या सिस्टर्शियनांना दोन्ही रूपके एकत्र पेलली, कारण त्यांना घरी पत्नी नव्हती.

वधूच्या रूपकाचा मराठीतील एक वेगळा संदर्भ केडगावला सापडतो. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. मुक्ती सदनात त्यांच्याभोवती विधवा होत्या, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा अनुवाद हातावेगळा झाला होता. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात संदेष्टा उजाड नगरीला स्त्री मानून तिच्याशी बोलतो : वैधव्याची अप्रतिष्ठा तिला पुन्हा आठवणार नाही, कारण तिचा निर्माताच तिचा पती आहे. अभ्यासकांच्या लेखी ही स्त्री म्हणजे यरुशलेम. केडगावच्या छापखान्यात या बायबलचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्ती सदनातील स्त्रियाच करीत होत्या.